तीन मालकांची टाकी

(कवळ्या बनवणारी लॅब. मागची खोली. लांब टेबल, भिंतीशी गरम पाण्याची टाकी, टेबलामागे लोखंडी कपाट. दुपारचे तीन. खोलीत तिघंजण: लॅबची मालकीण, जिला सगळे ताई म्हणतात, तिचे दीर, म्हणजे भाऊजी, जे लॅबचे कागदपत्र बघतात, आणि मेणात दात बसवणारे मास्तर. मास्तरांच्या उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी आहे. बाहेरच्या खोलीचं दार उघडं आहे. खाली रस्त्यावर एक टेम्पो उभा आहे.)

ताई: टाकीला कोणी हात लावायचा नाही. आधी मला सांगा मास्तर, हे काय चाललंय?

मास्तर: मी कुठे हात लावतोय? माझा हात लावायच्या लायकीचा राहिलाय का? टेम्पोबरोबर दोन हमाल आणलेत, जिना चढतायत. ते लावतील.

ताई: कोणाला विचारून?

मास्तर: आपली वस्तू आपण न्यायची, त्यात विचारायचं कोणाला?

भाऊजी: वहिनी, तुम्ही बसा, मी बघतो. मास्तर, डोकं ठिकाणावर ठेवून बोला. ही टाकी लॅबची आहे. वहिनींच्या वडिलांनी घेतलेली.

मास्तर: घेतलेली खरी. आणायला मलाच पाठवलं होतं. पण आठ महिन्यांपूर्वी तुम्ही ती मला विकलीत. करार, पान चार. चष्मा आहे का, की माझा देऊ?

भाऊजी: पान चार मीच लिहिलंय.

मास्तर: मग वाचायला जड जाणार नाही. 'खालील साहित्य लॅबने ठेकेदारास एक रुपया घेऊन कायमचे विकले असून ते ठेकेदाराच्या मालकीचे आहे. ठेकेदार ते केव्हाही नेऊ शकेल.' पुढे यादी. गरम पाण्याची टाकी, एक. साचे दाबायचा प्रेस, एक. पॉलिशचं मशीन, एक. मेणाचा दिवा, एक. आणि शेवटी, 'टेबलामागील कपाट, आतील सर्व वस्तूंसह'. रुपया मी दिलाय, पावती आहे. उजव्या खिशात आहे, तुम्हीच काढून घ्या. मला ते जमत नाही आता.

ताई: भाऊजी, हे खरं आहे?

भाऊजी: कागदावर. फक्त कागदावर, वहिनी. मी तेव्हाच तुम्हाला समजावलं होतं. माणूस आपली अवजारं वापरत असला, की तपासायला येणारा म्हणतो, हा तर तुमचा नोकर. त्याची स्वतःची अवजारं असली की तो बाहेरचा, स्वतंत्र. म्हणून अवजारं त्याच्या नावावर केली. टेक्निकली.

मास्तर: बरं. मग आता ती टेक्निकली जिन्यावरून खाली जाईल.

ताई: आणि गुरुवारी चौदा कवळ्या द्यायच्यात, त्या मी कशात शिजवू? घरच्या कुकरमध्ये?

मास्तर: बाजारात टाक्या मिळतात, ताई. भाड्यानेही मिळतात. माझीही मिळेल. भाव सांगू का?

ताई: तुम्ही माझी चेष्टा करताय.

मास्तर: तुमचं पत्र आलं तेव्हा मलाही वाटलं होतं, कोणीतरी चेष्टा केलीय. मग खाली सही पाहिली. तुमचीच होती.

भाऊजी: ते पत्र मी लिहिलं होतं. तुमच्या अर्जाला उत्तर म्हणून.

मास्तर: माहीत आहे. तुम्ही लिहायचं, ताईंनी सही करायची, आणि निस्तरायचं आम्ही. पाठ झालंय मला ते पत्र. 'आपण स्वतंत्र व्यावसायिक असल्याने आपल्या व्यवसायात झालेल्या इजेची जबाबदारी लॅबवर येत नाही. आपल्या व्यवसायास शुभेच्छा.' शुभेच्छा, हात भाजून पडलेल्या माणसाला.

ताई: ते शुभेच्छांचं मी वाचलं नव्हतं.

मास्तर: म्हणजे बाकीचं वाचलं होतं.

ताई: मास्तर, शब्दात पकडू नका मला. मी तुम्हाला कधी परकं मानलंय? या टेबलाखाली बसून मेणाच्या गोळ्यांशी खेळत मी मोठी झालेय.

मास्तर: हो. आणि एकदा एका बाईंचे मेणातले सगळे दात उपटून बाहुलीला लावले होतेत. मी ते परत बसवले, तुमच्या वडिलांना पत्ता लागू दिला नाही. सगळं आठवतं मला. म्हणून तर करारावर न वाचता सही केली. तुम्ही म्हणालात, 'मास्तर, काही बदलत नाही, नुसता कागद आहे.' मी म्हटलं, ताई म्हणतायत तर नुसता कागदच असणार.

भाऊजी: आणि बदललं तरी काय होतं? तेच टेबल, तेच काम, पैसेही तेवढेच.

मास्तर: मी तेच म्हणतोय. काडीचं बदललं नाही. नऊला घंटा व्हायची, मी हजर. दहा मिनिटं उशीर झाला की पैसे कापायचात. स्वतंत्र माणसाचे पैसे उशिराबद्दल कसे कापतात, हे मला शिकवा जरा. ॲप्रनवर नाव लॅबचं. पलीकडच्या लॅबने दोन कवळ्या करून मागितल्या, तर तुम्ही म्हणालात, 'मास्तर, ते चालायचं नाही.' मुलीच्या परीक्षेला अर्धा दिवस मागितला, तर अर्ज लिहून घेतलात. बदललं ते एवढंच, की महिनाअखेरीला पगाराऐवजी मी बिल द्यायचं. तेही तुम्हीच टाइप करायचात, मी खाली सही. व्हिजिटिंग कार्डं छापून दिलीत शंभर, माझ्या नावाचं दुकान काढलंत. बायको म्हणाली, आजपासून मला मालकीणबाई म्हणा. आठ दिवस हसत होतो आम्ही घरात.

भाऊजी: सगळीकडे असंच चालतं, मास्तर. मोठमोठ्या कंपन्यांत चालतं.

मास्तर: चालत असेल. सगळ्या गल्लीला खोकला झाला म्हणून तो काही तब्येतीला चांगला ठरत नाही.

ताई: आता मी बोलू? तुमच्या दोघांचं झालं असेल तर मी बोलू? तीन वर्षांपूर्वी दोन महिने एकही कवळी आली नव्हती या लॅबमध्ये. मी गळ्यातलं गहाण ठेवलं. तुमचा पगार थांबवला का मी? पॉलिशवालीचा थांबवला? प्लास्टरवाल्याचा?

मास्तर: नाही थांबवलात. एक दिवसही नाही.

ताई: मग? क्लिनिकवाल्यांनी मला सरळ सांगितलं, भाव खाली आणा नाहीतर आम्ही दुसरी लॅब बघतो. महिन्याच्या शंभरातल्या सत्तर कवळ्या त्यांच्या. मी कोणाकडे जाणार होते? भाऊजी म्हणाले, माणसं कमी करा नाहीतर ठेक्यावर घ्या. मी माणसं कमी केली नाहीत. तिघांनाही ठेवलं. आणि आज माझ्याच दारात टेम्पो.

मास्तर: ताई, गहाणाचं मी विसरलेलो नाही. पण तेव्हा तुम्ही स्वतःचं गहाण ठेवलं होतंत. या वेळी आमचं ठेवलंत, आणि आम्हाला सांगितलं नाहीत.

ताई: काय ठेवलं मी तुमचं?

मास्तर: ऐकायचंय? मग नीट ऐका. एकोणीस दिवसांत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, झालं कसं.

ताई: मला माहीत आहे. साचा निसटला.

मास्तर: रविवार होता. मी जेवायला बसलो होतो. तुमचा फोन आला, 'मास्तर, लगेच या, क्लिनिकला उद्या सकाळी नऊ कवळ्या पाहिजेत.' येता का, असं विचारलं नव्हतंत, या म्हणालात. मी आलो. पॉलिशवालीही आली. टाकी उकळत होती. चिमट्याचा स्क्रू ढिला झाला होता, महिनाभरात मी तीनदा सांगितलं होतं. साचा अर्ध्यावर वर आला आणि सुटला. उकळतं पाणी हातावर. पॉलिशवालीने मला स्कूटरवर मागे बसवून इस्पितळात नेलं. वाटेत थांबून तुम्हाला फोन केला तिने. तुम्ही पहिलं काय विचारलंत, आठवतं?

ताई: मला तेव्हा माहीत नव्हतं किती भाजलंय ते.

मास्तर: तुम्ही विचारलंत, 'कवळ्या किती झाल्या?' चार झाल्या होत्या. तिने सांगितलं तुम्हाला. इस्पितळाच्या खिडकीवर मी विम्याचं कार्ड दिलं. सव्वीस वर्षांचं कार्ड, कडा झिजल्यात त्याच्या. खिडकीतल्या बाईंनी नंबर टाकला आणि म्हणाल्या, 'हे तर आठ महिन्यांपूर्वी बंद झालंय. तुम्हाला कामावरून काढलं का?' मी म्हटलं, नाही हो, मी आत्ता कामावरूनच येतोय. मागच्या रांगेतले लोक हसले. मीही हसलो, ताई. आग होत होती हाताची आणि मी हसलो, कारण मला वाटलं त्यांचं मशीन बिघडलंय.

ताई: भाऊजी, विमा बंद केला होता?

भाऊजी: तो आपोआप बंद होतो, वहिनी. नोकरच नाही तर नोकराचा विमा कशाचा? त्यातच तर आपली बचत होती. मी तक्ता दाखवला होता तुम्हाला.

ताई: तक्त्यात बचत लिहिली होती. विमा कुठे लिहिला होता?

भाऊजी: 'इतर कपाती' अशी ओळ होती बघा. त्यात धरला होता.

मास्तर: माझा हात 'इतर'मध्ये होता, ताई.

ताई: बसा ना मास्तर. मघापासून उभे आहात. आणि हे घ्या. मी आणूनच ठेवलं होतं, तुमच्या घरी पाठवणार होते. लॅबचे नाहीत, माझे स्वतःचे आहेत.

मास्तर: काय आहे?

ताई: पाकीट. औषधपाण्याला. आणखी लागले तर आणखी देईन.

मास्तर: ठेवा ते.

ताई: कमी वाटतील म्हणून म्हणत असाल तर...

मास्तर: कमी की जास्त ते मी बघितलंही नाही. तुम्ही 'माझे स्वतःचे' म्हणालात, तिथेच थांबलो. मी तुमच्या घरी पाहुणा म्हणून आलो असताना नाही भाजलो. लॅबमध्ये भाजलो, लॅबच्या कामात. तुमच्या मनात आलं की पाकीट, नाही आलं की शुभेच्छा, असं नको मला.

ताई: मग करू काय मी? तुम्हीच सांगा.

मास्तर: एक ओळ लिहून द्या. लॅबच्या कागदावर, सही-शिक्क्यासकट. 'हा माणूस आमच्याकडे नोकरीला आहे आणि नोकरीवर असताना भाजला.' विम्याच्या ऑफिसात जाऊन आलोय मी. मालकाने एवढं लिहून दिलं आणि मागचे हप्ते भरले, की कार्ड मागच्या तारखेपासून चालू होतं. ऑपरेशन करायचंय. भाजलेली कातडी आवळत चाललीय, अंगठा आत ओढला गेलाय. मांडीची कातडी काढून तिथे लावायची. पैसे भरा नाहीतर विमा दाखवा, म्हणतात. एवढे पैसे मी राहती खोली विकली तरी उभे राहायचे नाहीत. आणि आणखी थांबलो तर नुसता अंगठा नाही, सगळी बोटं मुठीत बंद होतील, म्हणालेत.

भाऊजी: वहिनी, एक मिनिट. हे लिहायचं नाही. ही एक ओळ नाहीये. हे लिहिलंत की आठ महिन्यांचे हप्ते, वर व्याज, वर दंड. तेही एकट्या मास्तरांचे नाहीत. पॉलिशवालीला आणि प्लास्टरवाल्याला हाच करार आहे, म्हणजे तिघांचे. आणि क्लिनिकला आपण जो भाव दिलाय, तो हे सगळं वजा करून दिलाय. तो मोडला की क्लिनिक गेलं.

ताई: सगळं मिळून किती होईल?

भाऊजी: या लॅबची वर्षाची कमाई. कमीत कमी.

ताई: ऐकलंत ना मास्तर? काय करू मी? तुमच्या एका हातासाठी तीन घरांची...

मास्तर: बोला. पुरं करा वाक्य.

ताई: तसं नव्हतं म्हणायचं मला.

मास्तर: म्हणा की. ऐकायलाच आलोय. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरत नाही. आमच्या विम्याचे पैसे वाचवले आणि तेवढा भाव क्लिनिकला कमी केलात. म्हणजे क्लिनिकला सूट दिली ती आम्ही तिघांनी. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलंत तुम्ही, आणि हलवायाला वर सांगताय, दुकान वाचलं म्हणून आनंद मान.

भाऊजी: वहिनी, भावनेच्या भरात काही करू नका. प्रॅक्टिकल व्हा. मास्तर काही लहान मूल नाहीत. सही केलीय त्यांनी. करार म्हणजे करार.

मास्तर: शंभर टक्के. म्हणूनच टाकी नेतोय. या हो, आत या तुम्ही दोघं. ही टाकी. आधी नळाचा पाइप सोडवा.

ताई: थांबा. थांबा म्हणते ना मी. मास्तर, टाकी गेली तर पॉलिशवाली आणि प्लास्टरवाला, दोघंही उद्यापासून रिकामी बसतील. त्यांचा तरी विचार करा.

मास्तर: त्यांचा विचार त्यांनीच केलाय. बाहेरच्या खोलीत बसलीत, सगळं ऐकतायत. त्यांच्याशी बोलूनच आलोय मी. बोलावंच लागलं, अडचण होती एक.

ताई: कसली अडचण?

मास्तर: टाकी त्यांचीही आहे.

ताई: म्हणजे?

मास्तर: काल संध्याकाळी आम्ही तिघं माझ्या घरी बसलो. मी माझा करार काढला, पॉलिशवालीने तिचा, प्लास्टरवाल्याने त्याचा. माझी बायको वाचायला बसली. पान चार. गरम पाण्याची टाकी एक, प्रेस एक, पॉलिशचं मशीन एक, दिवा एक, कपाट आतील सर्व वस्तूंसह. दुसरा करार घेतला, तीच यादी. तिसरा घेतला, तीच. तुम्ही एकच टाकी तिघांना विकलीय, ताई. प्रत्येकाकडून रुपया घेऊन. तीन पावत्या आहेत.

ताई: भाऊजी?

भाऊजी: ते... नमुना एकच होता ना. नावं तेवढी बदलली. यादी कोण बघतंय?

मास्तर: आमच्या मालकीणबाईंनी बघितली. तिचं हसू थांबेना. म्हणाली, अहो, टाकीचे तीन तुकडे करून वाटून घेणार का? प्लास्टरवाला म्हणाला, मला तळ द्या, त्यात प्लास्टर तरी कालवता येईल. शेवटी ठरलं. मशीन पॉलिशवालीचं, प्रेस त्याचा, आणि टाकी माझी, कारण भाजलो मी. कपाट तिघांत. भाऊजी, तुमच्या फायली त्याच कपाटात असतात ना?

भाऊजी: त्याचा इथे काय संबंध?

मास्तर: 'आतील सर्व वस्तूंसह.' फायली आमच्या झाल्या. तुमचा चहाचा कप पण आहे आत. तो तुम्ही घेऊन जा, आम्हाला नको.

ताई: भाऊजी, तुम्ही मला सांगितलं होतं, कोणी तपासायला आलं तर हा करार आपल्याला वाचवेल.

भाऊजी: वाचवेल की. ही एवढी चूक सोडली तर करार अगदी पक्का आहे.

ताई: तपासायला आलेल्या माणसाने तिन्ही करार शेजारी शेजारी ठेवले तर?

भाऊजी: असं शेजारी शेजारी ठेवत नाही हो कोणी.

ताई: मास्तरांच्या बायकोने ठेवले.

भाऊजी: वहिनी, टायपिंगची चूक आहे ती. आपण नवीन करार करू. प्रत्येकाची वेगळी यादी देऊ. उद्या संध्याकाळपर्यंत तयार करतो, तारीख मागची टाकू.

ताई: मागची तारीख.

भाऊजी: सगळे टाकतात.

मास्तर: पान चारचं राहू द्या बाजूला. बाहेर भिंतीवर तो मोठा बोर्ड लावलाय ना, क्लिनिकवाले आले की पहिला दिसावा म्हणून? माझा फोटो आहे त्यावर. खाली लिहिलंय, 'आमचे सव्वीस वर्षांचे अनुभवी कर्मचारी'. क्लिनिकला दाखवायला मी कर्मचारी, विमा भरायच्या वेळी मी व्यावसायिक. इतकी वर्षं कवळ्या केल्या ताई, पण खायचे वेगळे आणि दाखवायचे वेगळे असे हत्तीचे दात मी नाही बनवले कधी. ते तुमच्या ऑफिसात बनले.

भाऊजी: तो जाहिरातीचा बोर्ड आहे, कायद्याने त्याला काही...

ताई: पुरे, भाऊजी.

भाऊजी: मी तुमच्या भल्यासाठीच सांगतोय.

ताई: माझ्या भल्यासाठी मी आठ महिने न वाचता सह्या करतेय. तिन्ही करारांवर सही माझी. एकच टाकी मी तीनदा विकली आणि मला पत्ता नाही. वाचायचं काम माझं होतं, ते मी तुमच्यावर ढकललं. त्यामुळे तुमच्यावर ओरडून मी सुटणार नाही, एवढं कळतं मला. लेटरहेड कुठे आहेत? कपाटात?

मास्तर: कपाट आमचं आहे. पण घ्या.

भाऊजी: वहिनी, दादाला विचारा आधी. घरात विषय तरी काढा.

ताई: लॅब माझ्या वडिलांची. तुमच्या दादांना मी संध्याकाळी सांगेन, विचारणार नाही. पेन द्या. हं. 'माणुसकीच्या नात्याने आम्ही असे नमूद करतो, की...'

मास्तर: खोडा.

ताई: काय खोडू?

मास्तर: माणुसकी. माणुसकीवर कार्ड चालू होत नाही.

ताई: बरं. 'आमचे जुने आणि आदरणीय सहकारी...'

मास्तर: नोकर लिहा, ताई. इतकं सांभाळून लिहू नका. नोकर म्हणवून घ्यायची मला कधी लाज वाटली नाही. तुम्ही नोकर नाही म्हणालात, त्याची वाटली. बायकोला ते पत्र वाचून दाखवताना वाटली.

भाऊजी: मी याला साक्षी राहणार नाही. उद्या नोटीस आली तर मला फोन करू नका.

ताई: नाही करणार. कप घेऊन जा.

भाऊजी: तुम्ही पस्तावाल, वहिनी. सगळे पस्तावतात. मी निघतो.

ताई: दार लोटू नका हो, उघडंच राहू दे. त्या दोघांना ऐकू आलं पाहिजे. मास्तर, वाचते. 'हे आमच्या लॅबमध्ये गेली सव्वीस वर्षे नोकरीस आहेत व मधल्या काळात त्यांच्या नोकरीत खंड पडलेला नाही. ठेक्याचा करार हा केवळ कागदोपत्री केलेला होता. रविवारी मी स्वतः फोन करून त्यांना कामावर बोलावले असता, लॅबच्या टाकीतील उकळते पाणी पडून त्यांचा उजवा हात भाजला. चिमटा नादुरुस्त असल्याचे त्यांनी पूर्वी तीन वेळा कळवले होते.'

मास्तर: चिमट्याचं मी लिहायला सांगितलं नव्हतं.

ताई: खोटं आहे का?

मास्तर: नाही. खरं आहे.

ताई: मग राहू दे. ही सही. हा शिक्का. हप्ते मी भरेन, तुमचे आणि बाहेर बसलेल्या दोघांचेही. कुठून, ते मला आत्ता विचारू नका. क्लिनिकला नवा भाव कळवते. जायचं असेल तर जाऊ देत त्यांना.

मास्तर: हमालांना खाली पाठवतो मग.

ताई: उद्या सकाळीच जा विम्याच्या ऑफिसात. मी येऊ का बरोबर?

मास्तर: आलात तर काम लवकर होईल.

ताई: येते. नऊला निघू. तुमच्या जागी तोवर पॉलिशवालीला बसवते, तिला थोडंफार येतं ना? दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. अंगठा एकदा पहिल्यासारखा झाला, की तुम्ही परत या टेबलावर.

मास्तर: पहिल्यासारखा नाही होणार तो, ताई.

ताई: ऑपरेशन झाल्यावर?

मास्तर: झाल्यावरही. अर्धा वळेल, म्हणालेत. चमचा धरता येईल, शर्टाची बटणं लावता येतील. मेणात दात बसवता यायचे नाहीत. पॉलिशवालीला नीटच शिकवावं लागेल, मी बाजूला बसून सांगेन.

ताई: असं कसं? डॉक्टर आधीपासून असंच म्हणत होते?

मास्तर: नाही. आधी म्हणत होते, दहा-बारा दिवसांच्या आत कातडी लावली तर पूर्ण वळेल. त्यानंतर आवळली की आवळली.

ताई: मग तेव्हाच का नाही आलात माझ्याकडे? अर्ज कसले देत बसलात? सरळ येऊन सांगायचं ना मला.

मास्तर: आलो होतो, ताई. दहाव्या दिवशी. बाहेरच्या बाकावर दोन तास बसलो होतो. तुम्ही आत क्लिनिकवाल्यांबरोबर होतात. निरोप पाठवलात, सोमवारी या.